लांब पल्ल्याची पिचकारी

मिरजेला माझ्या मामांचे स्टोव्ह दुरुस्तीचे दुकान होते. वर्षभर तिथे स्टोव्ह, बत्त्या आणि सायकलचे पंप येत. शिमग्याच्या सुमारास मात्र पितळी पिचकाऱ्यांचा ढीग लागे. या सगळ्यांत दट्ट्याच्या टोकाला एकच वस्तू बसते: चामड्याची वाटीसारखी चकती. आम्ही तिला वायसर म्हणायचो. माळ्यावर पडून ते वाळे, आक्रसे, आणि दट्ट्या दाबला की पाणी पुढे जाण्याऐवजी मुठीवर येई. मामा ते रात्रभर गोडेतेलात भिजवत, कडा बोटाने पसरवत आणि परत बसवत. बहुतेक पिचकाऱ्या एवढ्यावर सुधारत.

पण आम्हा मुलांना निव्वळ दुरुस्ती नको असे, लांब धार हवी असे. भोक बारीक केले की धार लांब जाते, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी. फार बारीक धार हवेत फुटून तिचे थेंब होतात आणि थेंबांचा वेग हवा चटकन मारते. भोक फार मोठे असेल तर हाताचा जोर बसण्याआधीच नळा रिकामा होतो. मामा भोक मध्यम ठेवत, त्याची आतली कड घासून गुळगुळीत करत आणि खरा बदल नळ्यात सुचवत. नळ्याचा व्यास निम्मा केला, तर हाताच्या त्याच जोराने पाण्यावरचा दाब चौपट होतो. पाणी तेवढे कमी मावते. मोठ्या पिचकारीपेक्षा अरुंद पिचकारी दूर मारते, ती यामुळे.

तरीही दट्ट्या तळाला टेकला की धार मरते. या अडचणीवर माणसाने फार पूर्वीपासून डोके चालवले आहे, पण ते रंगासाठी नव्हे, आगीसाठी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने दोन नळ्यांचा पंप केला. एक पाणी ओढी तेव्हा दुसरा ढकली. १६६६ च्या लंडनच्या आगीत मात्र माणसांच्या हाती पितळी पिचकाऱ्याही होत्या, एकेक चालवायला दोन-तीन माणसे लागत. १७२१ मध्ये लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने बंबाचे पेटंट घेतले. त्याच्या बंबांत हवेची बंद कोठी असे. पंपाचे पाणी आधी कोठीत शिरे, तिथली हवा दबे, आणि दट्ट्या मागे जात असतानाही ती हवा पाण्याला रेटत राही. धार तुटत नसे.

आमच्या गल्लीतल्या मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. पण बंद डब्याला सायकलचा व्हॉल्व्ह झाळून त्यात हवा भरायची, ही कल्पना मलाही सुचली होती. मी डबा घेऊन दुकानात गेलो. मामांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "समोरच्याचं पाणी तुझ्यापर्यंत पोचत नसेल, तर तो खेळ कसला?" मला राग आला.

पुढे जुन्या पुस्तकांचा नाद लागला आणि थॉमस ड्यूअर ब्रॉटनची पत्रे वाचनात आली, तेव्हा हे वाक्य आठवले. ब्रॉटन हा दौलतराव शिंद्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंटच्या सोबतच्या तुकडीचा अधिकारी. १८०९ साली छावणीतून लिहिलेली ही पत्रे १८१३ मध्ये छापली गेली. होळीच्या दिवशी तंबूत प्रत्येक पाहुण्यापुढे पिवळे पाणी आणि चांदीची पिचकारी ठेवली होती. महाराजांवर कोणी रंग टाकायचा नाही, हा शिरस्ता. पण महाराजच सगळ्यांना रंगवणार असे कळल्याने इंग्रजांनी अदबीने का होईना, उलट मारा केला. महाराजांनी तो बराच वेळ सोसला. मग डोळ्यांत अबीर गेला. त्यांनी पुढे मोठे कापड धरवले आणि त्याच्या आडून आगीच्या बंबाची तोटी हाती घेतली. बंब पिवळ्या पाण्याने भरलेला, चालवायला पाच-सहा माणसे. थोड्याच वेळात तंबूत कोणाचे कपडे कोरडे राहिले नाहीत. जवळच्यांना तर जागेवर बसून राहणेही कठीण झाले. त्यापुढे चांदीच्या पिचकाऱ्यांचे काही चालले नाही.

ब्रॉटनने हे गमतीने लिहिले आहे आणि वाचणाराही हसतो. पण बंब आल्यावर पाहुण्यांच्या हातातल्या पिचकाऱ्या निरुपयोगी झाल्या, एवढे त्यातून नक्की कळते.

बंबामागची पाच-सहा माणसे पुढे अमेरिकेत नाहीशी झाली. १९८२ मध्ये लॉनी जॉन्सन हा अभियंता पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग घरी करत होता. न्हाणीघरात तोटीतून जोरदार धार सुटली आणि त्याला खेळण्याची कल्पना सुचली. १९८६ मध्ये पेटंट मिळाले, १९९० मध्ये ते बाजारात आले आणि पुढच्या वर्षी ‘सुपर सोकर’ झाले. मुलाने हाताने पंप मारून हवा दाबायची आणि घोडा ओढायचा. न्यूशॅमची कोठी मुलाच्या हातात आली. पाणी संपत जाते तसा हवेचा दाब उतरतो, म्हणून १९९० च्या दशकात काही बंदुकांत ताणली जाणारी रबरी पिशवी आली.

माझा डबा मात्र तसाच राहिला. त्याऐवजी मी गुपचूप सायकलचा पंपच पाण्याने भरला. नळा अरुंद, त्यामुळे धार थेट समोरच्या गॅलरीत गेली. तिथे शेजारच्यांचा धाकटा मुलगा रिकाम्या हातांनी उभा होता. धार त्याच्या डोळ्यात बसली. दोन दिवस डोळा लालभडक होता. मी त्या घरापुढून जायचे टाळत होतो.

मामा रागावले नाहीत. पंप मागून घेतला, त्याच्या तोंडाचे भोक मोठे केले आणि परत माझ्या हातात दिला.