नीऊ-बेथेस्दा : घुबडघराचे गाव

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, स्निऊबर्ग म्हणजे ‘हिमपर्वत’ या डोंगररांगेच्या कुशीत नीऊ-बेथेस्दा हे लहानसे खेडे वसले आहे. ग्राफ-रेनेट या जुन्या शहरापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गावाजवळ २,५०० मीटरहून किंचित उंच असे कोम्पासबर्ग शिखर उभे असून भोवती कारूचा रूक्ष, मेंढपाळीचा प्रदेश पसरला आहे. तरीही गाव हिरवे आहे, कारण झऱ्याचे पाणी पाटांनी खेळवून प्रत्येक बागेला पाळीने दिले जाते.

डच रिफॉर्म्ड चर्चभोवती १८७५ मध्ये हे गाव स्थापन झाले. बायबलमधील बेथेस्दा कुंडावरून त्याला नाव मिळाले. आज मात्र गावाची ओळख आहे ती ‘आउल हाउस’ या घरामुळे. हेलन मार्टिन्स (१८९७–१९७६) यांनी आई-वडिलांच्या मृत्यूनंतर या घराच्या भिंती रंगीत काचेच्या चुऱ्याने मढवल्या. आरसे आणि दिव्यांच्या प्रकाशात त्या लखलखत. अंगणात सिमेंटची घुबडे, उंट आणि पूर्वेकडे निघालेले यात्रेकरू अशी तीनशेहून अधिक शिल्पे उभी राहिली. त्यांतील कित्येक मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूर कोस मालगास यांनी हेलन यांच्या कल्पनेनुसार घडवली. गावाने मात्र या बाईंना विक्षिप्त ठरवले. दृष्टी अधू होत गेल्यावर त्यांनी स्वतःच जीवन संपवले. नाटककार अॅथल फ्यूगार्ड यांनी त्यांच्या जीवनावरून ‘द रोड टु मक्का’ हे नाटक लिहिले आणि हे घर जगाला ठाऊक झाले.

गावाला आणखी एक, कितीतरी जुना वारसा आहे. येथील खडकांत डायनोसॉरपूर्व काळातील, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या प्राण्यांचे जीवाश्म आढळतात. नामवंत जीवाश्मतज्ज्ञ जेम्स किचिंग यांच्या नावाचे केंद्र ते अभ्यागतांना दाखवते.

गावात बँक नाही, पेट्रोल पंप नाही आणि रस्त्यावर दिवेही नाहीत. म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी व इंधन आधीच भरून घ्यावे. दिव्यांच्या अभावी रात्रीचे आकाश ताऱ्यांनी गच्च भरलेले दिसते. जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा असून डोंगरावर कधीकधी बर्फ पडते.

वर्णभेदाच्या काळातील विभागणीची खूण मात्र अजून पुसलेली नाही. पिनार्सिग ही कष्टकऱ्यांची वस्ती मुख्य गावापासून वेगळीच आहे आणि शेतीवाडीत काम कमी असल्याने तेथील अनेकांना पर्यटनाचाच आधार वाटतो. दुसरीकडे ऊन, पाऊस आणि गोठवणारी थंडी सिमेंटच्या शिल्पांना सतत झिजवत असते. पुढे त्यांच्या डागडुजीसाठी मालगास स्वतः गावी परतले होते. ज्या घराकडे गावाने एकेकाळी पाठ फिरवली, त्याच्याच जतनावर आज गावातील कित्येकांची चूल अवलंबून आहे.