चवदार तळ्याचा दावा : वकिली आणि नागरी हक्क

महाडचा सत्याग्रह म्हटला की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. त्यानंतरचा न्यायालयीन लढा मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. १९२३ पासून मुंबईत वकिली करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दाव्यात स्वतःच प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेतील अनेकांना सत्याग्रह हवा असतानाही बाबासाहेबांनी तो स्थगित केला. ही माघार नव्हे, तर वकिलाने निवडलेली वाट होती. तळे नगरपालिकेचे ठरले, तरी वादींनी सांगितलेल्या अनादी वहिवाटीचा प्रश्न उरला. ती सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आजच्या हिंगोली जिल्ह्यातील साखरा त्या वेळी निझामाच्या राज्यात होते. तेथे हा निर्णय बंधनकारक नव्हता. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी मनाई देशभर दंडनीय ठरवली. १९७६ मध्ये त्यास ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. तरीही कायदा वापरण्यास वकील लागतोच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. ती दान नसून हक्क आहे, आणि ती देणारा वकील महाडच्याच दाव्याचे काम पुढे चालवीत असतो.