पाण्याचा धाक

महाराष्ट्राच्या पठारावरच्या नद्या वर्षातले सात-आठ महिने उथळ असतात. उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून बैलगाडी पार होते आणि त्याच पात्रात थोड्या अंतरावर ठाव न लागणारा डोह असतो. पुराबरोबर वाहत आलेले गोटे बेसाल्टच्या एखाद्या खळग्यात अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि हजारो वर्षांत तो खळगा खोल कोरून काढतात. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे याच घडणीचे आहेत. डोहाच्या काठाला पाण्याखाली कपारी असतात. वरचे पाणी उन्हाने कोमट, तर खालचे एकदम गार. अशा ठिकाणी पट्टीचा पोहणाराही फसतो, आणि कपारीत अडकलेला माणूस लवकर सापडत नाही.

या भीतीला गावोगावी देवतांचे रूप मिळाले. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. डोहाच्या काठी किंवा विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड हे त्यांचे ठाणे. जवळच बहुधा म्हसोबा असतो. आसरांच्या परंपरागत नावांपैकी काही मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर या जलचरांवरून आलेली आहेत. हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू आणि नैवेद्य देऊन त्यांची शांती केली जाते. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पाण्यावर एकटे जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने डोहाकडे फिरकू नये, हे नियम आसरांच्या नावाने पाळले गेले. कोणी बुडाले की आसरांनी ओढून नेले असे म्हणत.

या समजुतींना नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. शेंदरी दगड अनेकदा अशा जागी असतात, जिथे काठ निसरडा आणि पाणी खोल असते. अक्षरओळख नसलेल्या समाजात ही धोक्याची खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मात्र तिची किंमतही मोजावी लागली. बुडणे हा देवतेचा कोप ठरला की ते टाळण्याची विद्या मागे पडते, आणि बायकांना तर पाण्यापासून दूरच ठेवले गेले.

पोहण्याची विद्या वाढली ती मुख्यतः विहिरीत. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले की जाणती माणसे मुलांना विहिरीवर नेत. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि मुलाला पाण्यात ढकलायचे, ही रीत. पुढे भोपळ्याच्या जागी तेलाचा झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा आला. हातपाय चालू लागले की बिंडा सुटे, मग सूर मारणे आणि तळाची माती वर आणून दाखवणे सुरू होई. विहिरीला भोवरा नाही आणि ओढ नाही. काठावर चार माणसे उभी असतात. नदीत उतरायची परवानगी त्यानंतरची.

पण विहीर सर्वांची नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या जातींना सार्वजनिक पाणवठ्यांवर पाणी पिण्याचाही हक्क नव्हता. तो मिळवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. जिथे ओंजळभर पाणी घेणे गुन्हा होता, तिथे मुलाला पोहायला शिकवणे दूरच राहिले. पोहता येणे आणि न येणे यांच्या इतिहासात ही बाजू क्वचितच सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी.

समुद्राचा धाक वेगळा होता. समुद्राला एरवी स्पर्श करू नये, स्नान पर्वकाळीच करावे, असा धर्मशास्त्राचा दंडक. पौर्णिमा आणि अमावास्या ही पर्वे नेमकी उधाणाची. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास मिळतात. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या आणि पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. म्हणजे पर्वदिवशी पहाटे पाणी बरेच ओसरलेले असते. स्नान तेव्हा उरकले तर ठीक; रेंगाळणाऱ्याला मात्र उधाणाच्या चढत्या पाण्याशी गाठ पडते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

कोळी समाजाने हा हिशेब अंगात मुरवला. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात घालायच्या, ही त्यांची शिस्त. आज यांत्रिकी नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती माशांच्या विणीच्या हंगामासाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठीही. कोळ्यांची मुले खाडीत पोहायला शिकत, पण मौजेखातर खुल्या समुद्रात पोहत जाण्याची हौस दर्यावर पोट असणाऱ्यांत रुजली नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून अनेकांना वाचवले. आषाढातला समुद्र काय करू शकतो, हे किनाऱ्याला त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नद्याच बदलल्या. धरणांमुळे कोरड्या दिसणाऱ्या पात्रात अचानक पाणी सुटू लागले. वाळूउपशाने जिथे कधी डोह नव्हता तिथे खड्डे पडले, आणि त्यांच्या काठी शेंदरी दगड नव्हते. सांगली परिसरात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केले आहेत. शहरांत पोहणे तरणतलावात गेले. तिथे शिकलेल्या पोहणाऱ्याला नितळ, थांबलेल्या पाण्याचीच सवय असते.

समुद्रकिनारे मात्र पर्यटनाने भरले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. गणपतीपुळ्याचा किनाराही बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. अशा किनाऱ्यांवर लाटांनी आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. मग घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडणे हा सुटकेचा मार्ग आहे. गोव्यात २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांमधली जागा ते पोहण्यासाठी राखतात, आणि जून ते सप्टेंबरच्या पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी नुसता लाल बावटा लावून पाण्यात उतरण्यास मनाई करतात.