उसाच्या बिलातला न दिसणारा वाटेकरी

राजकीय पक्षांना पैसा कोण पुरवतो, हा प्रश्न निघाला की चर्चा मुंबईच्या उद्योगपतींपाशी येऊन थांबते. कायद्याचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती हवी होती. एका भागधारकाने हरकत घेतली. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी दुरुस्तीला मान्यता दिली. मात्र ही प्रथा लोकशाहीच्या मुळावर येईल, असा इशाराही दिला.

१९६० मध्ये संसदेने मर्यादा घातली : २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. कोणत्या पक्षाला किती दिले, हे हिशेबात दाखवणेही बंधनकारक झाले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये मर्यादाही गेली आणि पक्षाचे नाव सांगण्याचे बंधनही. निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवून हे सारे रद्द केले.

या इतिहासात भवानीनगर कुठेच नाही. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर दोन प्रकारचे कारखाने उभे राहिले. वालचंदनगरला वालचंद हिराचंदांची कंपनी. भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. पाणी एक, पीक एक, पण कायदे दोन. कंपनीला देणगीचा हिशेब भागधारकांपुढे ठेवावा लागे. सहकारी कारखान्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याच्या कलम ६९ ने निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम सहकारी, धर्मादाय वा सार्वजनिक कामासाठी देता येते. ‘सार्वजनिक काम’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे.

हा ऐसपैसपणा राज्याने एकदा उघड्यावर पाहिला. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांकडे देणग्या जमल्या. सिमेंटवाटप आणि देणग्या यांची सांगड न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये दाखवली आणि अंतुले पायउतार झाले. पुढच्या फौजदारी खटल्यात सहकारी साखर कारखान्यांच्या देणग्यांचाही मुद्दा होता. त्या खटल्यात अंतुले यांना शिक्षा झाली नाही. पण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे : बोभाटा सिमेंटचा झाला, उसाचा नाही.

अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच उसाकडे पाहिले. त्यांनी तपासलेल्या १८३ कारखान्यांपैकी १०१ कारखान्यांचे अध्यक्ष १९९३ ते २००५ या काळात कधी ना कधी विधानसभा वा लोकसभा लढले होते. अशा कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला मिळणारा उसाचा भाव उतरतो, असे त्यांना आढळले. निवडून आल्यावर नेता त्याची भरपाई करत असावा, म्हणून सभासद गप्प राहतात, हा त्यांचा तर्क. हा निष्कर्ष सरासरीचा आहे. कोणा एका कारखान्यावर, भवानीनगरवरही, तो आरोप म्हणून लादता येणार नाही.

तरीही त्यातून एक विचित्र चित्र उभे राहते. टाटांच्या भागधारकाला निदान ‘नाही’ म्हणायला न्यायालयाचे दार होते. ऊस उत्पादक सभासद देणगीदार ठरतो, पण आपण दिले हे त्याला कळत नाही. त्याच्या हाती येते ते बिल : वजन, दर, कपाती. जे कापले ते दिसते. जो भाव मुळात ठरलाच नाही, तो कोणत्या रकान्यात शोधायचा? २००९ पासून एफआरपीने खालची पातळी बांधून दिली. तिच्या वरचा दर मात्र संचालक मंडळाच्या हाती राहिला.

म्हणून देणगीबंदीची मागणी मला अपुरी वाटते. बंदी १९६९ ला झालीच होती; पैसा थांबला नाही, तो पावतीविना फिरू लागला. निवडणुकीच्या वर्षातला दर आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या हंगामांतला दर, सोबत साखरेचा उतारा आणि विक्रीची किंमत, एवढा एक तक्ता वार्षिक अहवालात छापावा आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा. मतदाराचा जो हक्क न्यायालयाने २०२४ मध्ये मानला, तोच ऊस घालणाऱ्या सभासदाचा आहे. शेवटी मतदारही तोच आणि वर्गणीदारही तोच.