अंथरुणावरचा शेमा

दिवेलागणीला शुभंकरोती म्हणवून घेणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना वेगळे सांगायला नको की माणसाला धर्म प्रथम भेटतो तो देवळात नव्हे, घरात. आणि ग्रंथातून नव्हे, कानावाटे. ज्यू लोकांच्या निजतानाच्या प्रार्थनेचा इतिहास पाहताना हीच गोष्ट मनावर ठसते. हा इतिहास परकाही नाही. त्याचे एक टोक तापीकाठच्या सुरतेत आहे, तर दुसरे आपल्या कोकणात.

'शेमा' म्हणजे 'ऐक'. ईश्वर एकच आहे, हे इस्राएलाने ऐकावे, असा या वचनाचा आशय. बायबलातील 'अनुवाद' या ग्रंथात ते आले आहे. ही वचने मुलांना शिकवावीत, निजताना व उठताना त्यांचा उच्चार करावा, अशी आज्ञाही तेथेच आहे. त्यावरून सकाळ-संध्याकाळचा शेमा ठरला. शिवाय अंथरुणावर पडताना तो पुन्हा म्हणावा, असे तालमुदातील आचार्यांनी सांगितले. झोप हा मृत्यूचा साठावा अंश, असे ते मानीत. म्हणून आत्मा रात्रीपुरता ईश्वराच्या हाती ठेव म्हणून द्यायचा आणि सकाळी डोळे उघडताच तो परत मिळाल्याबद्दल आभार मानायचे.

या प्रार्थनेचे आचार मोठे हृद्य आहेत. उजव्या हाताने डोळे झाकून पहिली ओळ म्हणतात. संरक्षण मागणारी स्तोत्रे म्हणतात. उजवीकडे मीखाएल, डावीकडे गाब्रिएल, पुढे उरिएल, मागे राफाएल आणि माथ्यावर ईश्वराचे सान्निध्य, असा चार देवदूतांचा पहारा कल्पितात. आरंभी, दिवसभरात ज्याने आपल्याला दुखावले त्याला क्षमा केल्याचे बोलून दाखवण्याचाही प्रघात आहे. वल्हांडणाच्या रात्री मात्र संरक्षणाची स्तोत्रे गाळतात. ती रात्रच ईश्वराच्या पहाऱ्याची, अशी श्रद्धा!

अठराव्या शतकात सुरतेला अलेप्पो, बगदाद, बसरा येथून आलेल्या अरबी बोलणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांची वसाहत होती. त्यांचे प्रार्थनामंदिर होते, दफनभूमी होती. पण तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला, मुंबईचे बंदर वाढले आणि व्यापारी पांगले. जोसेफ सेमाह १७३० मध्येच सुरतेहून मुंबईला गेला होता. १७६२ साली अलेप्पोत जन्मलेला शालोम कोहेन सुरतेत काही वर्षे राहून १७९८ मध्ये कलकत्त्याला गेला. तेथील ज्यू समाजाचा तो आद्य पुरुष ठरला. सुरतेची वसाहत पुढे ओसरली.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, कुलाबा जिल्ह्यात बेने इस्राएल राहत होते. नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते परंपरेने सांगतात. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ उरला नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते, भाषा पूर्णपणे मराठी झाली होती. उरला होता शेमा. सुंता असो, लग्न असो, ते तेवढेच म्हणत. डेव्हिड राहाबीने त्यांना ओळखले, ते शनिवार, सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खाणे आणि हा शेमा यांवरून, अशी कथा सांगतात.

पुढे सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनहून शिक्षक आले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण निघाले. १८४६ मध्ये वल्हांडणाची पोथी मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापली गेली. मुख्याध्यापक जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी नित्याच्या प्रार्थना मराठीत आणल्या. आईच्या तोंडून शिकलेल्या शब्दांचा अर्थ नातवंडांना आता मराठीतून कळू लागला. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथे १९६४ पर्यंत त्यांना आपल्या ज्यूपणाच्या पूर्ण मान्यतेसाठी झगडावे लागले, हा इतिहासाचा विपर्यास. शेमा तर त्यांनी कधीच सोडला नव्हता.

आपल्या दुभाषिक मुलखात घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, असे अनेक घरांत असते. भाषा शाळाच टिकवते, असे मी पालकसभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. बेने इस्राएलांचा इतिहास वाचल्यावर हे विधान मला दुरुस्त करावे लागले. घराने वाक्य जपले म्हणूनच शाळेला त्याचा अर्थ परत देता आला. वाक्यच विसरले असते, तर कोचीनच्या गुरुजींनी शिकवायचे कोणाला? तेव्हा शाळेला दोष देण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावे: रात्री दिवा मालवताना आपण मुलाशी कोणत्या भाषेत बोलतो?