दोन आडव्या रेघा : ई-मेलखालच्या सहीचा इतिहास

१/
जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘सिग्नेचर’ या विभागाखाली एक छोटी चौकट आहे. तीवर खूण केली की उत्तरातील सहीच्या वर येणारी ‘--’ ही ओळ काढून टाकली जाते. बहुतेकांनी ही चौकट कधी पाहिलेली नसते; ज्यांनी पाहिली, त्यांना त्या दोन रेघा म्हणजे निव्वळ नक्षी वाटते. वस्तुतः त्या जीमेलहून कितीतरी जुन्या आहेत. त्यांच्या खाली जे लिहिले जाते ते पत्राचा भाग मानावे की नाही, हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. आजचा थ्रेड या दोन रेघांविषयी.

२/
आरंभ १९७१ पासून करू. त्या वर्षी रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेट या जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि नाव व यंत्र यांच्या मध्ये @ हे चिन्ह योजले. संदेशाचा मायना कसा असावा, हे मात्र अजून ठरलेले नव्हते. सप्टेंबर १९७३ मध्ये ‘आरएफसी ५६१’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. प्रेषक, दिनांक, विषय या आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटणाऱ्या ओळी त्यात मांडल्या गेल्या. त्याच्या चार लेखकांत टॉमलिन्सन यांच्याबरोबर अभय भूषण हे आयआयटी कानपूरचे पदवीधर होते.

३/
इथे एक शंका रास्त आहे. प्रेषकाचे नाव पत्राच्या माथ्यावर आपोआप येत असेल, तर तळाशी पुन्हा सही कशाला?

४/
याचे उत्तर यूजनेटमध्ये सापडते. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. विद्यापीठांचे युनिक्स संगणक एकमेकांना टेलिफोन लावीत, साठलेले संदेश पुढच्या यंत्राकडे सुपूर्द करीत आणि फोन ठेवीत. पुढचे यंत्र त्यापुढच्याला फोन लावी. टपालाच्या हरकाऱ्यांसारखीच ही टप्प्याटप्प्याची वाहतूक होती.

५/
अशा जाळ्यात पत्ता म्हणजे घराचा क्रमांक नव्हे, तर वाट. ‘अमुक यंत्र, तिथून तमुक यंत्र, तिथून मी’ अशी उद्गारचिन्हांनी जोडलेली साखळी लिहावी लागे. वाटेतील यंत्रे माथ्यावरच्या प्रेषकाच्या ओळीत आपापली भर घालीत, आणि पुष्कळदा शेवटी ती उत्तर पाठवण्याच्या कामाची उरत नसे. म्हणून जाणकार मंडळी पत्राच्या तळाशी स्वतःचे पूर्ण नाव, संस्था आणि एखाद्या सर्वांना ठाऊक असलेल्या यंत्रापासून आपल्यापर्यंत येण्याची वाट लिहून ठेवू लागली. ई-मेलखालची सही ही प्रथम अशी गरजेची गोष्ट होती. माथ्यावरची ओळ यंत्रे लिहीत. तळाची ओळ माणूस लिही, आणि भरवसा तिच्यावर ठेवला जाई.

६/
दर वेळी तोच मजकूर टंकणे कंटाळवाणे. त्यावर युनिक्सच्या जगात निघालेला उपाय फार साधा होता. वापरकर्त्याने आपल्या डिरेक्टरीत ‘.सिग्नेचर’ नावाची एक फाइल करून ठेवायची. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती नेहमीच्या यादीत दिसत नसे. संदेश पाठवताना प्रणाली ती फाइल उचलून तळाशी जोडी. आज आउटलुकमध्ये किंवा फोनवर आपण ‘सिग्नेचर सेट’ करतो, तेव्हा नव्या कपड्यांतील हीच फाइल भरत असतो.

७/
आणि मग माणसाचा स्वभाव आड आला. आपोआप जोडली जाते म्हटल्यावर सही वाढू लागली. सुभाषिते आली, विनोद आले, कीबोर्डवरील चिन्हांनी काढलेली चित्रे आली. दोन ओळींच्या उत्तराखाली वीस ओळींची सही दिसू लागली. त्या काळी हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. प्रत्येक ओळ टेलिफोनच्या तारेवरून शेकडो यंत्रांवर जात होती आणि वेळेचे पैसे कोणीतरी भरत होते. म्हणून चार ओळींचा संकेत रूढ झाला. ऑक्टोबर १९९५ च्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचार-पत्रिकेत तो नमूद आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट दिले आहे : अनेक जण जोडणीचे पैसे मिनिटागणिक मोजतात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यापूर्वी इथे ई-मेल होती ती मुख्यतः अर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर. मुंबईतील आयआयटी आणि एनसीएसटी या संस्था त्यात पहिल्यापासून होत्या, आणि त्या जाळ्याची पहिली टपालसेवा याच टेलिफोनी पद्धतीने चालत असे.

८/
आता त्या दोन रेघा. पत्र कुठे संपले आणि सही कुठे सुरू झाली, हे यंत्राला कसे कळावे? यूजनेटवर संकेत ठरला : स्वतंत्र ओळीवर दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यानंतर एक मोकळी जागा. ती मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, परंतु सारा भार तिच्यावर आहे. नुसत्या दोन रेघा मजकुरातही सहज येऊ शकतात. रेघांमागे जागा सोडून ओळ संपवणे मात्र सहसा कोणाच्या हातून चुकून घडत नाही. ही ओळ दिसली की पुष्कळ प्रणाली खालचा भाग फिका दाखवीत आणि उत्तर देताना तो गाळून टाकीत. २००४ च्या ‘आरएफसी ३६७६’ मध्ये या रूढीची ‘दीर्घकालीन’ म्हणून नोंद झाली. रूढी आधी, नियम मागाहून. इतिहासात पुष्कळदा असेच घडते.

९/
या रेघांचा अर्थ नेमका काय? ‘माझे म्हणणे इथे संपले, याखालचे ते पत्र नव्हे.’

मराठेशाहीची पत्रे पाहणाऱ्या वाचकाला इथे एक जुनी ओळख पटेल. शिवछत्रपतींच्या पत्रांत माथ्याशी प्रतिपदेच्या चंद्राची उपमा असलेली संस्कृत मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का. पेशव्यांच्या पत्रांत त्या जागी ‘लेखनसीमा’ येते. या समाप्तीच्या शिक्क्यालाच मोर्तब म्हणत. नकलेत शिक्का उमटवता येत नसे, म्हणून नक्कल करणारा त्या जागी ‘मोर्तब सुद’ असे लिही. आपण रोज वापरतो तो ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द इथलाच. मुद्रा सांगते की पत्र कोणाचे आहे. मोर्तब सांगते की ते कुठे संपले. मोर्तबाच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती पत्राची नव्हे हे उघड व्हावे, असा त्यातला पहारा आहे.

१०/
यूजनेटच्या मंडळींना मोर्तब ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. गरज सारखी असली की युक्ती सारखी सुचते, एवढेच. फरक असा की मोर्तबाचा शिक्का दरबाराच्या हाती असे, आणि दोन रेघांखालची जागा अवघ्या काही वर्षांत बळकावली गेली.

११/
४ जुलै १९९६. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केली. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी आग्रह धरला की प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘हॉटमेलवर फुकट ई-मेल घ्या’ या आशयाची ओळ जोडावी. संस्थापकांना ते प्रथम रुचले नाही. दुसऱ्याच्या खासगी पत्राखाली आपली जाहिरात लिहायची, हा संकोच मला आजही सुसंस्कृत वाटतो. पण ओळ जोडली गेली. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलरना हॉटमेल विकत घेतली, तेव्हा तिचे वापरकर्ते ८० लाखांहून अधिक झाले होते. ‘व्हायरल मार्केटिंग’ हा शब्दप्रयोग रुळला तो मुख्यतः याच उदाहरणावरून. पत्र लिहिणाऱ्याने न लिहिलेले वाक्य त्याच्या नावाखाली जगभर जाऊ लागले.

१२/
त्यानंतर फोन आले. ब्लॅकबेरीने आपल्या यंत्राचे नाव तळाशी घातले. २००७ मध्ये आयफोनने तोच कित्ता गिरवला. गंमत अशी की लोकांनी ही जाहिरात स्वतःच्या सोयीची करून घेतली. ‘आयफोनवरून पाठवले’ म्हणजे ‘अंगठ्याने टंकले आहे, त्रोटकपणा आणि चुका पोटात घाला’ असा नवा अर्थ तिला चिकटला आणि अनेकांनी ती मुद्दाम राहू दिली.

१३/
कंपन्यांच्या पत्रांखाली तर कायदाच येऊन बसला. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००७ पासून कंपनीच्या व्यावसायिक ई-मेलमध्ये नोंदणीकृत नाव, क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता देणे बंधनकारक झाले. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचे १२ वे कलम व्यावसायिक पत्रांवर असाच तपशील मागते. २१ अक्षरांकांची ओळख-संख्या त्यातलीच.

१४/
आता मूळ प्रश्न : रेघांखालचा हा मजकूर म्हणजे ‘सही’ आहे काय?

२००६ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका गृहस्थाने ई-मेलद्वारे २५,००० पौंडांची वैयक्तिक हमी देऊ केली होती. मजकुराखाली नाव नव्हते. माथ्यावर केवळ आपोआप आलेला ई-मेल पत्ता होता. हमीला सहीचा लेखी पुरावा हवा, असे सांगणारा इंग्लंडचा कायदा १६७७ चा, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर तीन वर्षांनी झालेला. न्यायालयाने ठरवले की यंत्राने घातलेला पत्ता म्हणजे सही नव्हे. हमी लागू झाली नाही.

१५/
२०१९ मध्ये मँचेस्टर येथे याच्या उलट निकाल लागला. विंडरमिअर सरोवराकाठच्या जमिनीचा तंटा १,७५,००० पौंडांना मिटवण्याचे दोन्ही पक्षांच्या वकिलांनी ई-मेलवर ठरवले. पुढे एका पक्षाने माघार घेतली : जमिनीच्या कराराला सही लागते, आणि वकिलाचे नाव तर आउटलुकने आपोआप जोडले होते! न्यायाधीशांनी ते मानले नाही. ती सही जोडली जावी अशी व्यवस्था कधीतरी एका माणसाने जाणूनबुजून केली होती. पाठवणाऱ्याला ती जोडली जाते हे ठाऊक होते. आणि ‘धन्यवाद’ लिहून खाली नाव टंकले नाही, यावरून तो त्या जोडलेल्या नावावरच विसंबला होता, हे दिसत होते. करार कायम राहिला.

१६/
‘याखालचे ते पत्र नव्हे’ असे सांगण्यासाठी जी रेघ आखली गेली, तिच्या खालच्या चार ओळींनी एक जमीन हस्तांतरित केली. दोन निकालांतील फरक यंत्राचा नाही. ती व्यवस्था जाणून कोणी केली, याचा आहे.

भारतात २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा ‘डिजिटल सही’ म्हणतो ती सर्वस्वी निराळी, गूढलेखनावर आधारलेली वस्तू आहे. ई-मेलखालचे नाव ते स्थान घेत नाही. तथापि ई-मेलवरील देवघेवीतून करार पक्का होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बॉक्साइटच्या एका व्यवहारात मान्य केले आहे. म्हणून तळाशी काय जाते ते बघायला हवे.

१७/
तुमच्यापैकी अनेक जण दफ्तरखान्यांना, ग्रंथालयांना, प्राध्यापकांना पत्रे लिहितात. त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जीमेलमध्ये संगणकावर सेटिंग्ज, ‘जनरल’, त्यात सिग्नेचर. नव्या पत्रासाठी आणि उत्तरासाठी निरनिराळी सही नेमता येते. उत्तराला दोन ओळी पुरेत. फोनवरील ॲपमध्ये सहीची व्यवस्था वेगळी असते, आणि आयफोनच्या मेलमध्ये प्रत्येक खात्यासाठी निराळी ठेवता येते. पूर्ण नाव, संस्था किंवा अभ्यासविषय, फोन, गाव : चार ओळींचा जुना संकेत आजही पुरेसा आहे. नाव मराठीत हवे असेल तर युनिकोडमध्ये टंकावे, चित्र चिकटवू नये. चित्रातले नाव शोधात सापडत नाही आणि त्यातला क्रमांक उचलून घेता येत नाही.

सगळे झाले की संगणकावरून एक आणि फोनवरून एक अशी दोन पत्रे स्वतःलाच पाठवावीत आणि तळाशी काय उमटले ते वाचून पाहावे. जुन्या पत्रांच्या अभ्यासकाला ही सवय असतेच. मोर्तब जागेवर आहे ना, हे तो आधी पाहतो.