तीन हिश्शांचे वाचनालय

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव निघाले की आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांच्या तोंडी ठराविक गोष्टी येतात. लक्ष्मीविलास राजवाडा, अरविंद घोषांची बडोद्यातील नोकरी, बाबासाहेब आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती, आणि फार तर सक्तीचे शिक्षण. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत व मोठ्याही आहेत. परंतु ज्यांचा जन्म मंजुरीच्या टिप्पण्या लिहिण्यात जातो अशा आमच्यासारख्यांना त्या राज्यातील एका लहानशा नियमाचे अप्रूप अधिक वाटते. एखाद्या गावाने वाचनालयासाठी वर्षाला २५ रुपये जमवले, तर प्रांत पंचायत त्यात २५ रुपये घालीत असे, आणि सरकारच्या ग्रंथालय खात्याकडून आणखी २५ रुपये येत. गावाचे पंचवीस, त्यांचे पाऊणशे होत.

हा नियम समजण्यास त्याच्या आधीची हकीकत थोडी पाहिली पाहिजे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो कायद्याने सर्व राज्याला लागू केला. मुले शाळेत येऊ लागली, चार इयत्ता शिकली, आणि शेताकडे परतली. पुढे हातात पुस्तक न आल्यामुळे त्यांतील पुष्कळांची अक्षरओळख पुसून जाऊ लागली. म्हणजे शाळेवर झालेला खर्च दहा वर्षांत पाण्यात जाण्याची भीती होती. महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले असताना तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. शाळेने जे दिले ते टिकवण्याचे साधन त्यांना तेथे सापडले. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बोर्डन तीन वर्षे राहिले. राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ महाराजांनी देऊन टाकले व त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांचा वर्ग निघाला, आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील मजकूर देणारे एक त्रैमासिकही पुढील वर्षी सुरू झाले. बोर्डन यांच्यामागे हा कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्याच मराठी गृहस्थांकडे आला. त्यांनी या चळवळीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९१९ साली प्रसिद्ध झाले.

आमच्या मते मात्र या कथेचा खरा नायक अमेरिकन नव्हे आणि मराठीही नव्हे. चरोतरातील मोतीभाई अमीन नावाच्या एका शिक्षकाने बोर्डन येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, मित्रमंडळांच्या वतीने गावोगाव लहान वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. चार मित्रांनी वर्गणी काढावी, वर्तमानपत्रे व थोडी पुस्तके घ्यावीत, एखाद्या ओसरीवर ती सर्वांसाठी मांडावीत, एवढीच ती योजना. पुढे ते स्वतः ग्रंथालय खात्यात आले. सरकारने लोकांच्या हाती काहीतरी नवे दिले, असे येथे म्हणता येत नाही. लोकांनी आरंभलेल्या गोष्टीला सरकारने व पंचायतीने हात लावला. अनुदानाच्या इतिहासात हा भेद फार महत्त्वाचा असतो, कारण ज्या कामाचा जन्म मंजुरीच्या हुकुमाने होतो त्याचा शेवटही पुष्कळदा मुदत संपल्याच्या हुकुमानेच होतो.

नियम सर्वत्र एकच नव्हता, ठिकाणाच्या मानाने त्याची मर्यादा वाढत जाई. खेड्याला वर्षाकाठी १०० रुपयांपर्यंत, कसब्याच्या गावाला ३०० पर्यंत, आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणाला ७०० पर्यंत, असे बरोबरीचे साहाय्य मिळे. इमारत बांधावयाची झाली तरी हिशेब तोच राही. एक तृतीयांश गावकऱ्यांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. यात कचेरीला पारख करण्याचे काम फारसे उरत नसे. अमुक मंडळ योग्य की तमुक, याचा निवाडा करण्याऐवजी गावाने आपले पैसे आणून ठेवले की नाहीत एवढेच पाहावयाचे. आजच्या काळात प्रकल्प-प्रस्ताव, मूल्यांकन, विनियोग प्रमाणपत्र आणि त्यावरील लेखापरीक्षकाचे आक्षेप या वाटेने जाणाऱ्या अनुदानाशी ज्यांचा रोजचा परिचय आहे, त्यांना या साधेपणाचा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही. (आम्हांला तर तो वाटतोच.)

मधला हिस्सा प्रांत पंचायतीचा होता, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. सरकारला दोन हिस्से स्वतःच देता आले असते. तसे न करता गावाच्या वर असलेल्या स्थानिक संस्थेला तिच्या निधीतून पैसे घालावयास लावले, म्हणजे त्या संस्थेच्या सभासदांना वाचनालयाची बाजू घेणे भाग पडले. सस्त्याकडे निघालेला पैसा थोडा पुस्तकांकडे वळवावयाचा तर सभेत कोणीतरी उभे राहून बोलावे लागते. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले हाच विचार वेगळ्या अंगाने मांडीत होते. त्यांच्या १९११ च्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देऊन खर्चाचा एक तृतीयांश त्यांनी व दोन तृतीयांश सरकारने सोसावा, अशी योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्याच्या सीमेच्या आत जे चालू होते ते सीमेच्या बाहेर अशक्य ठरले.

महाराष्ट्रात वाचनालये नव्हती असे नाही. उलट ती बडोद्याच्या किती तरी आधीची. रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. परंतु ही ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या कुळातील शहरी संस्था वर्गणीदारांच्या होत्या. जो वर्गणी भरी त्याची पुस्तके. इंग्रज अधिकारी, सरदार, वकील व शिक्षक यांच्या आश्रयाने त्या वाढल्या, आणि त्यांनी थोर काम केले. खेड्यातील कुणब्याच्या ओसरीपर्यंत मात्र त्यांची वाट जात नव्हती, आणि तिकडे जाण्यास त्यांना भाग पाडील असा पंचायतीचा पैसाही त्यांच्यामागे नव्हता.

आता या नियमाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही भाटगिरी केल्यासारखे होईल. जो आधी देईल त्याला दिले जाईल, हे तत्त्व दिसावयास न्याय्य आहे. परंतु बडोद्याचे राज्य एकजिनसी नव्हते. पेटलादसारख्या चरोतरातील तालुक्यात सुपीक जमीन होती, तंबाखूचे पीक होते, पुढे तर पूर्व आफ्रिकेत गेलेल्या पाटीदारांचा पैसाही त्या भागात येऊ लागला. तेथील गावाला २५ रुपये म्हणजे एका लग्नातील वाजंत्रीचा खर्च. त्याच राज्याच्या नवसारी प्रांतातील सोनगड व व्यारा या तालुक्यांत आदिवासी वस्ती दाट होती. ज्याच्या घरी पेरणीचे बी उसने आणावे लागते त्याने वाचनालयाची वर्गणी कोठून काढावी? बरोबरीच्या नियमाने चरोतराचे एक पुस्तक तीन झाले, आणि सोनगडच्या शून्याचे शून्यच राहिले. शिवाय पंचायतीचा पैसा शेवटी सर्वांच्याच करांतून आलेला. म्हणजे जो वर्गणी देऊ शकला नाही त्याच्या कराचा अंश, जो देऊ शकला त्याच्या कपाटात गेला. गावाच्या आतही हेच होते. वर्गणी जमवणारे चार प्रतिष्ठित कोण आणि वाचनालयाची ओसरी कोणत्या वाड्यात, यावर अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुलाचे पाऊल तेथे पडणार की नाही हे पुष्कळसे ठरत असले पाहिजे. या दोषाचा दोष हिशेबाच्या रीतीवर किती आणि समाजावर किती, याचा वाद घालता येईल. परंतु तो होता हे नाकारता येत नाही.

या उणिवेची जाण खात्याला अगदीच नव्हती असे आम्हांस वाटत नाही, कारण तीन हिश्शांच्या नियमाच्या जोडीला त्यांनी फिरत्या पेट्यांची सोय ठेवली होती. मजबूत लाकडी पेटी, तिला कुलूप, आत पंधरा ते तीस पुस्तके. पेटी मागवण्यास वर्गणी नको, आणि जाण्यायेण्याचे भाडेही खातेच भरी. एखाद्या शिक्षकाने जबाबदारी घेतली की काम झाले. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई व दुसरी येई. दृक्शिक्षणाच्या शाखेमार्फत दिव्यांची चित्रे व चलच्चित्रेही दाखवली जात, म्हणजे अक्षरशून्य माणूसही अगदी वगळला जात नसे. पेटीमागे मात्र पंचायतीचा पैसा नव्हता, गावाची मालकी नव्हती. पाहुणी म्हणून आलेली वस्तू पाहुणीच राहते. स्वतःच्या पंचवीस रुपयांवर उभ्या राहिलेल्या कपाटाला गाव कुलूप लावी, हिशेब ठेवी, भांडणेही करी.

सयाजीराव व मोतीभाई अमीन दोघेही १९३९ साली निवर्तले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि प्रांत पंचायतीचा मधला हिस्सा ज्या रचनेवर उभा होता ती रचनाच गेली. मुंबई सरकारनेही फैजी समितीच्या शिफारशींनंतर वाचनालयांना अनुदान देण्यास आरंभ केला होता, परंतु तो ओघ वरून खाली येणारा होता. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ साली आपला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला तेव्हा उपकराचा मार्ग सोडून दिला, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत बसणाऱ्या मान्यताप्राप्त वाचनालयांना राज्याच्या तिजोरीतून परिपोषण अनुदान देण्याची रीत घातली. गुजरातचा कायदा तर २००१ साली आला, म्हणजे ज्या भूमीवर हा प्रयोग झाला तिला कायद्यासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ थांबावे लागले.

बरोबरीच्या हिश्शाची कल्पना पुरती मेली नाही. १९७२ साली केंद्र सरकारने कलकत्त्यास स्थापलेले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्याच्या वाट्याइतकी भर घालणाऱ्या योजना चालवते, व त्यांच्या शेजारी असा वाटा न मागणाऱ्या योजनाही चालवते. पेटलाद आणि सोनगड यांच्यासाठी जणू दोन वेगळ्या नस्ती उघडल्या आहेत. फरक एवढाच की हिस्सेदार म्हणून येथे केंद्र व राज्य उभे आहेत. गावाचे पंचवीस रुपये मोजणारा रकाना त्यात नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांत ‘ग्रंथालये’ हा विषय विसाव्या क्रमांकावर नमूद आहे. तो प्रत्यक्षात सोपवावा की नाही, आणि सोपवला तर त्यासोबत पैसा द्यावा की नाही, हे घटनेने त्या त्या राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे.